एकदाणी आणि देशाची सरासरी

सर्व सगेसोयरे आणि हितचिंतकांना कळवण्यात येते, की आपल्या राज्यातला गुन्ह्यांचा दर देशाच्या सरासरीपेक्षा वर आहे. ही बातमी मी वाचली नसती, तर माझ्या आईची एकदाणी आजही आमच्या कपाटात असती.

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. आईनं शेवटच्या दुखण्यात ती माझ्या मुलीच्या, सारिकाच्या ओंजळीत ठेवली होती. लग्नात हीच घाल, म्हणाली होती. आणि लग्न माघात ठरलं होतं.

बातमी मी वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर चहा पिताना वाचली आणि घरी येऊन पुन्हा खणखणीत आवाजात वाचली. (मोठ्यानं वाचल्याशिवाय कुठलंच संकट मला खरं वाटत नाही.) बायको तुरीच्या शेंगा सोलत होती.

"सरासरी म्हंजे कुठं जास्ती, कुठं कमी," ती म्हणाली. "आपल्या आळीत काय चोरीला गेलं आजपोतर?"

मी डोकं खाजवून खाजवून एक कोंबडी शोधून काढली.

"ती मुंगसानं नेल्ती."

पण बातमीत आणखी एक ओळ होती: चोर पुष्कळदा ओळखीचाच असतो. त्या ओळीनं माझा घात केला! त्या दिवसापासून मी नातेवाइकांकडे राष्ट्रीय नजरेनं पाहू लागलो. होणारा जावई चहाला आला, तर तो सारिकाकडे कमी आणि कपाटाकडे जास्त बघतोय असं वाटलं. धाकटा भाऊ दिगंबर यानं कपाटाची किल्ली मागितली. (कात्री हवी होती म्हणे. सगळे असंच सांगतात.) तेव्हा ठरवलं, माळ हलवायची आणि कुणाला सांगायचं नाही.

आता आमच्याकडे कापसाच्या दिवसांत घराला बैठक उरत नाही. भाव चढेल या आशेनं कापूस बाहेरच्या खोलीत खिडकीपर्यंत रचलेला असतो. पाहुणे त्यावरच बसतात आणि घरदार अंग खाजवत फिरतं. त्या ढिगात कोणता चोर हात घालणार? माळ रुमालात बांधली, खांद्यापर्यंत हात खुपसला आणि राज्याचं गृहखातं माझ्याकडे आल्याच्या थाटात बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी हसनाबादला एका मेहुण्याच्या दहाव्याला गेलो आणि मुक्काम पडला. परत आलो, तर बाहेरच्या खोलीत फरशी दिसत होती. दिवाळीनंतर प्रथमच!

दिगंबर दारातच फुलून उभा होता. "दादा, भाव बराबर लागला. व्यापारी दारात आल्ता, टेंपो भरून दिला. तुला फोन लावला, पण तू पिंडापाशी बसेल होता."

मी खाली बसलो. मेहुण्याचं दुःख समजून बायकोनं पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. तिच्या हातातला पेला तसाच हातात राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला फार हलकं वाटलं असतं.

टेंपो जालन्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रिकामा झाला होता. आम्ही चौघं तिथे पोचलो आणि आमचा कापूस दिसला. म्हणजे साऱ्या तालुक्यांचा दिसला, पांढरा डोंगरच, त्यात आमचाही असणार. मला एकदम युक्ती सुचली. मुकादमाला विचारलं, कापसातलं लोखंड ओढायला तुमच्याकडे लोहचुंबक असतं ना?

"असतं. पण ते सोन्याला वळखत न्हाई."

मग त्याच्या लक्षात आलं, की यंत्रात धातू गेला तर ठिणगी पडते, आणि कापसाला एक ठिणगी पुरते. त्याचा चेहरा उतरला. यंत्रं बंद झाली, मजूर हात बांधून बसले. चोरांपासून घर वाचवायला निघालेला मी, आता आख्खी जिनिंग पेटवता पेटवता राहिलेला माणूस होतो! मुकादम माझ्याकडे असा बघत होता, जणू राज्याची सरासरी मी एकट्यानंच वर नेली.

दिवस मावळेपर्यंत आम्ही ढीग उपसला. नाकातोंडात रुई, डोळे लाल. शेवटी सारिकाला रुमाल सापडला. गाठ सुटलेली होती आणि आत काही नव्हतं. (गाठ मी मारली होती. म्हणजे ती सुटणारच.) तिनं रुमाल झटकला, घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"नाक पुसा, बाबा," एवढंच म्हणाली.

पोलीस ठाण्यात नोंद करा, उद्या एखादा मणी निघाला तर तुमचा हक्क राहील, असं मुकादमानं सुचवलं. ठाण्यात ही गर्दी. हवालदारानं विचारलं, चोरी का हरवलं? मी राज्याच्या दरापासून सुरुवात केली. त्यानं पेन वर धरून मला थांबवलं.

"काका, सरासरी आमाला माहिती हाय. तुमचा संशय कुणावर?"

दिगंबर भिंतीकडे बघू लागला. सारिकानं मान खाली घातली. आणि तो पाण्याचा पेला हातात धरल्यापासून एक शब्द न बोललेली माझी बायको साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल अशी बोलून गेली:

"वळखीचाच हाय, सायेब. हे काय, माझ्या बाजूलाच बसलेत."