देशाच्या वतीने

दिल्लीत मी स्पॅनिशची दुभाषी होते तेव्हाची गोष्ट. क्यूबाचे एक वयस्क राजदूत, आपल्या देशात एकेकाळी मंत्री असलेले, त्यांच्यासोबत मी एका समारंभाला निघाले होते. गाडीत ते टाय बांधत होते आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.

"माझा धाकटा भाऊ वारला आज," ते अचानक म्हणाले. "अमेरिकेत."

"मग तुम्ही जाणार ना, साहेब?"

"देश सोडून गेलेल्यांना मी भर सभेत गद्दार म्हटलं होतं. तो त्यांच्यातलाच. त्याची बायको मला दारातसुद्धा उभं करणार नाही."

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते. उभं आयुष्य देशाच्या वतीने बोलण्यात गेलेल्या माणसाने रडायचं कोणाच्या वतीने, असं माझ्या मनात येत राहिलं.

समारंभात ते हसून प्रत्येकाशी हात मिळवत होते. एका बाईंनी आपुलकीने विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना?"

मी प्रश्न स्पॅनिशमध्ये सांगितला.

"सगळे मजेत आहेत," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत थांबले.

ते वाक्य बाईंना सांगताना आवाज माझा कापला. त्यांचा नाही.