मागच्या दाराने डोमाजी

डोमाजी ढोबळे हॉटेलात शिरले, तर मागच्या दाराने. पुढच्या दाराने हॉटेलात जाणारा माणूस त्यांच्या मते एकतर परगावचा असतो, नाहीतर जिवावर उदार झालेला.

मला हे कळलं ते नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. नागपुरात जमीन मोजणीच्या सरकारी कचेरीत मी नवा लागलो होतो, डोमाजी तिथले जुने मोजणीदार. राहायचेही महाल वस्तीतच, माझ्या पलीकडच्या गल्लीत. जुन्या माणसाला खूश ठेवावं म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात आलुबोंडा खायला बोलावलं. दाराशी येताच ते थबकले.

"तू बस," म्हणाले, "मी मागून होऊन येतो."

मला वाटलं, लघुशंकेला गेले असतील. मी दोन आलुबोंडे मागवले. माझा खाल्ला. त्यांचा थंड व्हायला लागला, म्हणून तोही खाल्ला. पंधरा मिनिटांनी डोमाजी मागच्या सांदीतून पायजम्याचे काठ झटकत परतले. चेहऱ्यावर पंचनामा करून आलेल्या फौजदाराचा भाव. माझ्या शेजारी बसून त्यांनी आवाज खाली नेला.

"काय खाल्लं गा?"

"आलुबोंडा."

"किती?"

"दोन."

"बाप्पा!" त्यांनी डोळे मिटले. "ऐक आता. मी गेलो तवा आचाऱ्याच्या बोटाले चिंधी बांधली होती. कापलं असन काही. मंग मी बटाट्याचं पोतं पाह्यलं, तेलाचा डबा पाह्यला. वापस येऊन पाह्यतो, तं बोटाले चिंधी नाही."

"मग?"

"मंग काय? बेसन तेच होतं."

त्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. डोमाजीही राहिले नाहीत. पण अजून मी आलुबोंडा आधी फोडतो, उजेडात धरतो, आणि मगच तोंडात टाकतो. माझी बायको म्हणते, हा माणूस बोंडा खातो की घड्याळ दुरुस्त करतो?

संशय हा डोमाजींचा धंदाच होता म्हणा. उंच, हडकुळे, डोक्यावर काळी टोपी, आणि डोळे असे की समोरच्याला आपल्या सदऱ्याचं बटण उघडं आहे असं उगाच वाटावं. शेत मोजायला गेले की मालकाने दाखवलेल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांचा विश्वास नसे. मालक पूर्वेकडे बोट दाखवायचा, हे साखळी घेऊन पश्चिमेकडून सुरू करायचे. "तो पूर्व दाखवून राहिला ना? म्हणजे भानगड पश्चिमेले हाये." आणि गंमत अशी, की दहातून सात वेळा ती असायचीच. उरलेल्या तीन वेळा ते म्हणायचे, "लपवली गा त्यानं. हुशार हाये."

खाण्याच्या बाबतीत त्यांचा एक सिद्धांत होता. तो त्यांनी मला त्यांच्याच घरी, पाटावर बसवून सांगितला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वांग्याची भाजी, पोळी आणि वरण-भात वाढला होता. डोमाजींनी पहिला घास घेतला, चावला, गिळला, आणि म्हणाले, "मीठ कमी हाये."

काकूंनी वर न बघता मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी वाटीला हात लावला नाही. जेवत राहिले.

मी चाखून पाहिलं. मीठ अगदी बेतशीर होतं. तसं मी म्हणालो, तर काकू हसल्या. "अहो, खारट झालं तरी हे तेच म्हंतात. ज्या दिवशी म्हननार नाहीत, त्या दिवशी मी डॉक्टरले बलावणं धाडीन."

"तुले नाही समजत," डोमाजी मला म्हणाले. "घरच्या जेवनात काही ना काही कमी असतेच. कधी मीठ, कधी तेल. काहून? तं बाईचा एक डोळा भाजीवर असते, अन् दुसरा पोरीवर. विकायले रांधणाऱ्याचे दोन्ही डोळे भाजीवर असतात. त्याच्या भाजीत काहीच कमी नसते. अन् ज्यात काहीच कमी नाही, तिथं मले संशय येते."

माझ्यासमोर, दाराच्या चौकटीला टेकून त्यांची मुलगी कुसुम उभी होती. शाळेत जायची तेव्हा. ती बापाच्या मागे उभी राहून त्याच्यासारखेच डोळे बारीक करून दाखवत होती. मला ठसका लागला.

दुसऱ्यांच्या घरी जेवायला बसण्याआधी डोमाजी एकच प्रश्न विचारायचे, "रांधलं कोणं?" घरच्या बाईने रांधलं असेल, तर सुखाने बसायचे. भाड्याचा आचारी निघाला, की त्यांना ताबडतोब उपवास लागायचा. कुहीच्या बाजूला आम्ही धानाचं शेत मोजायला गेलो होतो. मालकाने साहेब लोक येणार म्हणून हौसेने कुहीहून खास आचारी आणला होता. डोमाजींचा चेहरा पडला.

"मले आज उपवास हाये."

"बुधवारी?" मालक चकित झाला.

"बुधवारचाच हाये."

मालक भला माणूस. त्याने आचाऱ्याला हाक मारली, "अरे, साहेबाले साबुदाणा टाक गा!"

डोमाजींनी टोपी सारखी केली. मग खोल आवाजात म्हणाले, "निरजळी हाये."

आता निर्जळी म्हटल्यावर स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणीही पिता येईना. दिवसभर हा माणूस उन्हात साखळी ओढत, कोरड्या ओठांनी धुऱ्यावरून चालला. मी आत बसून आचाऱ्याचं सगळं खाल्लं, आणि सांगायला हरकत नाही, त्यात काहीच कमी नव्हतं. संध्याकाळी डोमाजी दिसेनात. शोधत गेलो, तर भाताच्या तणसाच्या ढिगामागे उकिडवे बसून डबा उघडलेला. मला बघून दचकले. मग अर्धी पोळी मोडून माझ्यापुढे धरली.

"खा. मीठ कमी हाये."

अशा या माणसाने आयुष्यात एक चूक केली. दार तपासायचं राहून गेलं.

कुसुमसाठी स्थळ आलं, तेव्हा मध्यस्थाने सांगितलं, मुलगा खापरखेड्याला असतो, स्वतःचा धंदा आहे. बैठक मुलाच्या मामाकडे नागपुरातच झाली. डोमाजींनी मामाचं घर पुढून-मागून पाहिलं, माठ पाहिला, मोरी पाहिली, "रांधलं कोणं?" विचारून चिवडा खाल्ला. मुलगा मधुकर, शांत, नाकासमोर चालणारा. कुंकू लागलं, तारीख ठरली. आणि मग एक दिवस कचेरीत आमचा शिपाई सहज बोलून गेला, "साहेब, तुमच्या जावयाच्या खानावळीत मी जेवलो ना बाप्पा! वीज केंद्राचे निम्मे लोक तिथंच जेवतात."

डोमाजींच्या हातातला नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. डोमाजी खोलीत येरझारा घालत होते. "फसवलं गा मले! धंदा म्हने! मी मामाची मोरी पाहात बसलो. मोडून टाकतो सगळं."

कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला कणीक लागलेली. "फसवलं नाही बाबा. तुम्ही इचारलंच नाही. मी इचारलं होतं."

"तुले माहीत होतं?"

"हो. अन् मले पसंत हाये. तुम्ही सारी उमर आचाऱ्याचे हात पाह्यले. त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का कधी?"

डोमाजी खाली बसले. लग्न झालं. लग्नात त्यांनी घरचा डबा खाल्ला, तोही मांडवामागे, हे काही सांगायला नको.

खरी भानगड पुढे सुरू झाली. जावयाचं घर आणि खाणावळ एकच होती. पुढे बाकं, मागे राहायच्या दोन खोल्या, आणि मधे एकच चूल. तिच्यावर जे शिजायचं, तेच कामगार जेवायचे आणि तेच घरचे. डोमाजी महिन्यातून एकदा लेकीला भेटायला जायचे. अंगणात खाटेवर बसायचे. फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्यायचे, पिशवीतला डबा खायचे आणि दुपारच्या गाडीने परत. कुसुमने ताट वाढलं, की हात जोडायचे. "पोरीले लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं खाऊ नये. रीत हाये."

रीत आहे खरी. पण ज्या माणसाने जन्मभर एकही उपवास खरा केला नाही, त्याला एकाएकी रीत आठवली, म्हणून साऱ्यांनाच संशय आला. काकूंना आला, मला आला. आणि जी घरात संशयावरच वाढली, त्या कुसुमला तर आधी आला.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डोमाजी खाटेवर डबा सोडत होते. कुसुमने मला दाराआड बोलावलं.

"भाऊ, खरं सांगजा. बाबा रीत पाळून राहिले, का माह्या घराले हॉटेल समजून राहिले?"

मी म्हणालो, "रीतच असेल."

"तुम्ही पन ना, भाऊ!" ती म्हणाली. "खोटं बोलतांना तुम्ही छताकडे पाह्यता." डोळ्यांत पाणी होतं, पण पडू दिलं नाही. "बाबा रस्त्याने कोणाच्याबी घरी बसतात. 'रांधलं कोणं' म्हणून इचारतात, अन् जेवतात. माह्या घरी तं इचारतबी नाहीत."

तिसऱ्या वर्षी कुसुमला मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, महालात झालं. नातीला मांडीवर घेऊन डोमाजी दोन महिने इतके खूश होते, की रीतीची मुदत संपली हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं ते लेकीला पोचवायला निघायच्या सकाळी. त्यांनी डब्याची पिशवी मागितली.

"आज डबा नाही," काकू म्हणाल्या.

"काहून वं?"

"पोरीच्या घरी चालले. लेकरू झालं तिले. डबा कायले पाह्यजे?"

आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही जा संग. नजर ठेवा. रस्त्यानं केळं घेतील, पोट भरलं म्हनतील."

त्यांनी केळी घ्यायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा कुसुमने नात त्यांच्या हातात दिली.

खापरखेड्याला पोचलो तेव्हा दुपारी पाळी सुटायची वेळ होत आली होती. कुसुमने तान्ही सासूकडे दिली, हात धुतले, पदर खोचला आणि चुलीपुढे गेली. सासूने विचारलं, "व्याह्यासाठी लहान गंजात वेगळं टाकू का वं? त्यांचं मन..."

"नोको," कुसुम म्हणाली, मुद्दाम अंगणात ऐकू जाईल अशी. "एकच गंज चढन. बाबासाठी वेगळं रांधलं, तं मंग हे घर नाही झालं."

मी खाटेकडे बघितलं. खाट रिकामी होती.

मला कुठे जायचं ते ठाऊक होतं. घराला वळसा घालून मागे गेलो. डोमाजी मागच्या दाराशी, चौकटीला नाक लावून उभे होते. कामातून निवृत्त व्हायला आलेला माणूस, पण पवित्रा तोच. आत कुसुम वांगी परतत होती. तिने मान वर केली. बाप दिसला.

तिने भाजी परतायचा सराटा खाली ठेवला, दोन्ही हात वर केले, आणि दहाच्या दहा बोटं पसरून आधी तळव्याकडून, मग पाठीकडून त्यांना दाखवली. आलुबोंड्याची गोष्ट त्या घरात हजारदा सांगितली गेली होती. मग सराटा उचलून पुन्हा भाजी परतायला लागली.

डोमाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. माझ्याकडे न बघता ते तरातरा सांदीतून निघून गेले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता गाडीच्या थांब्यावर जाऊन उभा राहणार.

भोंगा झाला. कामगार आले. हातपाय धुवायला पिंपाशी रांग लागली, बाकं भरली. मधुकर भाजीची बादली घेऊन फिरायला लागला आणि मधेच थिजला. रांगेत, दोन कामगारांच्या मधे, काळी टोपी उभी होती. डोमाजींनी इतरांसारखे हात धुतले, आणि जन्मात पहिल्यांदा पुढच्या दाराने आत येऊन बाकावर बसले. मी धावत जाऊन समोरची जागा पकडली.

"इकडं वाढा," ते जावयाला म्हणाले. मग थांबले. सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "रांधलं कोणं?"

मधुकरने बादली खाली ठेवली. "कुसुमनं, बाबा."

डोमाजींनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. स्वयंपाकघरातला सराट्याचा आवाज थांबला होता. ते चावत होते. इतका वेळ चावत होते, की मी माझा घास हातातच धरून बसलो.

"मीठ कमी हाये," डोमाजी म्हणाले.

बिचाऱ्या मधुकरचा चेहरा उतरला. "बाबा, आजपर्यंत कोणीच असं..."

तेवढ्यात कुसुम बाहेर आली. हातात मिठाची वाटी. तिने वर न बघता, अगदी काकूंसारखी, ती बापाच्या ताटाशी सरकवली आणि आत गेली. आत जाताना मात्र तिने पदराने तोंड दाबलं होतं. हसू होतं की काय होतं, मला दिसलं नाही.

डोमाजींच्या शेजारचा कामगार चांगला चार घास खाऊन बसला होता. त्याला राहवेना. "बाबूजी, मीठ तं बरोबर हाये."

डोमाजींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. जमीन मोजताना मालकाकडे पाहायचे तसं.

"तुम्ही गिऱ्हाईक हा," ते म्हणाले. "तुम्हाले नाही समजणार."

आणि मिठाच्या वाटीला हात न लावता त्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.