लव्हडेची पास्टी आणि घोड्याची गाजरं

आमच्या पोर्थवेलन गावात लव्हडे ट्रेगिअरएवढी संशयी बाई दुसरी नाही. पोस्टमन दारात जरा रेंगाळला की तो आपली पत्रं वाचतो, असं तिचं ठाम मत. चॅपेलचे पाद्री तब्येत विचारायला आले, तर ते गेल्यावर म्हणते, "कुठंतरी पाणी मुरतंय, जेना." मी तिची जुनी शेजारीण, म्हणून माझ्यावरचा संशय जरा कमी.

पास्टीच्या बाबतीत मात्र सगळं गाव तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं. पास्टी म्हणजे आमची मोठी करंजीच म्हणा. आत गोमांस, बटाटा, कांदा, सलगम, सगळं कच्चंच भरायचं, कडेला मुरड घालायची आणि भट्टीत भाजायचं. चॅपेलच्या वार्षिक जेवणाच्या सगळ्या पास्ट्या लव्हडे करायची. प्रत्येकीच्या एका टोकाला खाणाऱ्याचं आद्याक्षर, कणकेचंच. गावातले पुरुष खाणीत जायचे तेव्हापासूनची ही रीत. दुसऱ्या टोकाकडून खात यायचं, म्हणजे उरलेला तुकडा कुणाचा ते कळतं. त्या जेवणाचा मान बायकोला आपल्यापेक्षा मोठा वाटतो, असं तिचा नवरा मरेपर्यंत म्हणायचा.

दर बुधवारी आम्ही दोघी टीव्हीवर कॉस्मोचा स्वयंपाकाचा कार्यक्रम बघायचो. तो बघायचा तो चुका काढायलाच. कॉस्मो लंडनचा. त्यानं लँकशायरच्या हॉटपॉटमध्ये, म्हणजे त्यांच्या मटण-बटाट्याच्या रश्श्यात, टोमॅटो घातला, ते आम्ही सोडून दिलं. ते लँकशायरवाल्यांनी बघावं. पण एकदा तो आमच्या पास्टीला 'पेस्टी' म्हणाला, मुरड कडेला सोडून वर मधोमध घातली आणि आत गाजर टाकलं.

"गाजर," लव्हडे म्हणाली. "गाजर घोड्याला घालतात, जेना."

आणि एके दिवशी कॉस्मोच तिच्या दारात उभा. सोबत कॅमेरेवाले.

"मागच्या वेळी आमचं चुकलं, बाई," तो म्हणाला. "तुम्ही शिकवा. तुम्ही कराल तस्सं दाखवतो."

लव्हडेनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "माफी मागतोय. म्हणजे नक्की काहीतरी लांबवायला आलाय. उद्या माझीच पास्टी खोक्यात घालून देशभर विकेल."

"अगं, बिचारा शिकायला आलाय."

"बिचारे असेच दिसतात. तू मध्ये बोलू नकोस."

आणि कॅमेऱ्यासमोर तिनं आपल्या घोड्यासाठी ठेवलेली गाजरं चिरून पास्टीत भरली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

पुढच्या महिन्यात कार्यक्रम लागला. कॉस्मो चक्क 'पास्टी' म्हणाला. सराव केला असणार. मुरड कडेला, अगदी बरोबर. मग त्यानं मूठभर गाजर घातलं आणि म्हणाला, "ही पोर्थवेलनच्या लव्हडे ट्रेगिअर यांची पास्टी. मी यात काडीचाही बदल केलेला नाही."

जन्मात पहिल्यांदा तो माणूस प्रामाणिक वागला होता. लव्हडेनं टीव्ही बंद केला.

रविवारी चॅपेलबाहेर तिनं सगळ्यांना सांगितलं, "मी त्याला फसवलं."

आमच्या चॅपेलचा कारभार बघणारा डिगरी हॉस्किन म्हणाला, "त्याला फसवलंस, की इतकी वर्षं आम्हाला?"

लोक हसले, पण लव्हडे हसली नाही. मला तिची फार दया आली. वार्षिक जेवण आठवड्यावर आलं होतं. तिनं सगळ्या पास्ट्या नेहमीसारख्याच केल्या, अक्षरं लावली आणि दाराशी उभी राहिली.

डिगरीनं पहिली पास्टी मधोमध फोडली. आमच्याकडे पास्टी कुणी फोडत नाही. मग शेजारच्यानं फोडली, मग सगळ्या बाकावर सुरू झालं. आता आमच्याकडचा पिवळा सलगम शिजला की गाजरासारखा केशरीच होतो. आजवर ते कुणाला खटकलं नव्हतं. त्या दिवशी लोक काट्यानं एकेक फोड उलटीपालटी करून बघत होते, हुंगत होते, एकमेकांना दाखवत होते.

लव्हडे माझ्याजवळ येऊन बसली. मी माझी पास्टी उचलली आणि न फोडता, रीतीप्रमाणे, अक्षराच्या विरुद्ध टोकाकडून खायला लागले. अर्धी संपवली.

तिनं माझ्याकडे वळून बारीक डोळ्यांनी बघितलं.

"सगळ्यांनी फोडून बघितली," ती हळूच म्हणाली. "तू का नाही बघितलीस? तुला काय हवंय माझ्याकडून?"