फणसाचं आढं

परवा सुताराकडं फणसाच्या पिवळ्याधमक भुशाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

इंग्रजांच्या काळात माझ्या वडिलांनी, आप्पांनी कडोलीच्या मळ्यात बैलगाड्या बांधायचा मोठा कारखाना उभारला. छपराच्या मधल्या तुळईसाठी, आढ्यासाठी त्यांनी आईचा फणस तोडला. तिनं तो खानापूरहून, माहेराहून आणून लावला होता. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आढं चढवायच्या दिवशी आप्पा म्हणाले, "चल गं, हळदकुंकू लाव. घरच्या बाईनं लावल्याबिगर आढं चढवत न्हाईत."

आई करंडा घेऊन उठली. सगळ्यांसमोरून थेट फणसाच्या उरलेल्या बुंध्याकडं गेली आणि त्याला कुंकू लावलं.

"माझा फणस हितं हाय," ती म्हणाली. "ते तुमचं लाकूड. तुमीच लावा."

तेव्हा मी भेदरले होते. आज वाटतं, करंडा कसला उचललास गं आई, कुऱ्हाड उचलायची होतीस!