हात माझा, डॉक्टर कुत्र्याचे

"बाह्या वर करा."

आजारी कुत्रं टेबलावर ठेवायच्या आधी डॉक्टर हे म्हणायचे. कुत्र्याला नव्हे हो, त्याला घेऊन येणाऱ्याला! बोरिवलीत, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, एका गाळ्यात त्यांचा दवाखाना होता. कुत्र्या-मांजरांच्या कातडीचे आजार बघण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवीन माणूस मात्र चक्रावायचा.

"अहो डॉक्टर, खाज याला सुटलीये. मला नाही."

"तो तुमच्याच गादीवर झोपतो ना? मग बघू द्या."

आणि खरंच, त्या साहेबांच्या कोपराच्या आत बारीक लाल पुरळ निघायचं. महिनाभर बिचारे डासांच्या नावाने बोटं मोडत असायचे.

एकदा एक बाई पॉमेरियन घेऊन आल्या. कुत्र्याच्या पाठीवर रुपयाएवढा गोल, केस गेलेला डाग. डॉक्टरांनी सोबतच्या मुलीची मान पाहिली. तिथेही तसाच डाग! "हा नायटा मांजराकडून आलाय. कुठे लपवलंयस गं?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे मांजर चालतच नाही," आई ठसक्यात म्हणाली. मुलीने भोकाड पसरलं. बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत मांजराची दोन पिल्लं निघाली.

माझी त्यांची ओळख झाली ती शिव्या खाऊनच. आमच्या बिल्डिंगखालच्या भटक्या कुत्र्याला, बंड्याला, मी घरात घेतलं होतं. त्याचे केस झडले, कानाच्या कडा खरखरीत झाल्या. कोणीतरी म्हणालं, गॅरेजमधलं जळकं ऑईल चोपड, झकास बरा होतो. मी अक्कल गहाण टाकून चोपडलं. दुसऱ्या दिवशी बंड्या ओकायला लागला आणि मी त्याला रिक्षात घालून पळाले.

"कोणी केलं हे?" डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले की समोरचा लॅब्रेडॉर खुर्चीखाली घुसला.

"मी."

"तो अंग चाटतो, बाई! सगळं पोटात जातंय. प्रेमाने मारणार होतात त्याला!"

मी हबकलेच. मग स्वतः मोरीत बसून, भांडी घासायच्या साबणाने, तासभर त्यांनी बंड्याला धुतलं. दोन दिवस सलाईन लावलं. बंड्या उभा राहिल्यावर त्यांनी त्याच्या कानाची कड दोन बोटांत चोळली. बंड्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. "दिसलं? ही खरूज," ते म्हणाले, आणि हसले. हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा.

बंड्याला मग मी दर पंधरा दिवसांनी न्यायचे. चौथ्या खेपेला नेहमीसारखं "बाह्या वर करा" झालं. मी गप्पा मारत हात पुढे केला. माझं पोळी-भाजी केंद्र आहे, घरातूनच चालतं. रोज दीडशे पोळ्या. करंगळीवर भाजल्याचा फोड होता.

"हे कधी भाजलं?"

"काय माहीत. तव्यापाशी भाजायचंच की हो."

"दुखलं नाही?"

"नाही."

डॉक्टरांनी माझी बाही आणखी वर सारली. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता. मला वाटलेलं नायटा. त्यांनी कापसाची बारीक वात केली. "डोळे मिटा. कापूस लागला की बोटाने जागा दाखवा."

मी डोळे मिटून बसले. बसले, बसले.

"करा की सुरू," मी म्हणाले.

"तीनदा लावून झाला."

मी डोळे उघडले. ते वाकून अगदी हळू म्हणाले, "कुष्ठरोग असू शकतो. मी माणसांचा डॉक्टर नाही, नक्की मी ठरवणार नाही. पण आजच पालिकेच्या दवाखान्यात जा. गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण बरा होतो. उशीर केलात तर बोटं वाकतील."

बोटं! दीडशे पोळ्या या बोटांवर. आणि हे बाहेर फुटलं तर माझ्या हातची एक पोळी तरी कोण खाईल? माझं डोकंच फिरलं. मी तारस्वरात ओरडले, "कुत्र्यांचे डॉक्टर, कुत्र्यांचंच बघा! माझा धंदा बसवायचाय का तुम्हाला?" बाकावरची सगळी माणसं माना वळवून बघायला लागली.

ते एवढंच म्हणाले, "हळू बोला. लोक ऐकतायत."

मी बंड्याला ओढत बाहेर पडले, ती पुन्हा त्या गाळ्याची पायरी चढले नाही. गेले नाही कुठेच. नायट्याचं मलम चोळलं, उकाड्यात लांब बाह्या घातल्या, समोरून डॉक्टर दिसले की रस्ता बदलला. चार महिने.

मग बिल्डिंगमध्ये पालिकेच्या दोन बायका सर्वेला आल्या. घरोघरी हात-पायांवरचे चट्टे बघायच्या. मी दार लावून घेतलं. पुन्हा आल्या, पुन्हा लावलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तावातावाने बोलले, कोणीही येतं आणि बेल वाजवतं म्हणून. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा थोरली म्हणाली, "ताई, सगळ्यांनी दाखवलेत हो. दोन मिनिटं द्या." तोवर करंगळी वाकायला लागली होती आणि मी मनातून पार घाबरले होते. मी बाही वर केली.

तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. पोळ्या बंद कराव्या लागल्या नाहीत. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध सुरू आहे, आता कोणाला धोका नाही, फक्त तव्यापासून हात जपा. बाकीची बोटं वाचली. करंगळी वाकडीच राहिली.

गोळ्यांचं शेवटचं पाकीट घ्यायला गेले, त्या दिवशी त्या थोरल्या बाई भेटल्या. मी म्हटलं, बरं झालं तुमचा सर्वे आमच्याकडे आला.

"आमच्या यादीत तुमची बिल्डिंग नव्हतीच," त्या म्हणाल्या. "ते कुत्र्यांचे डॉक्टर नाहीत का? रोज दवाखाना उघडायच्या आधी इथे येऊन बसायचे. कोण पेशंट आहे विचारलं तर सांगेनात. म्हणायचे, एकाच दारावर गेलात तर त्या माणसाचा बोभाटा होईल. सगळी दारं वाजवा."

आमच्या बिल्डिंगमध्ये चाळीस दारं आहेत. मी चारचौघांत ज्यांची अब्रू काढली, त्या माणसाने माझी झाकायला चाळीस दारं वाजवायला लावली. आणि मी माझं दोनदा आपटलं!

तिथून तडक त्यांच्या दवाखान्याला रिक्षा केली. गाळ्यात मोबाईलची कव्हरं टांगलेली. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर गेले ना. दोन महिने झाले. हार्ट अटॅक." मी तशीच उभी राहिलेली बघून त्याने विचारलं, "मॅडम, काही काम होतं का त्यांच्याकडे?"

"होतं," मी म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून रडले.