हॉरेसच्या खिडकीखालचे टॅपेट

हॉरेस गिल्क्स तिसऱ्यांदा पडला, तेव्हा त्याच्या बायकोने, मेव्हिसने, विल्फ टँडीला बोलावून घेतलं. दोघांनी कॉव्हेंट्रीच्या एकाच मोटार कारखान्यात बावीस वर्षं काढली होती. कारखाना बंद पडून आता सात वर्षं झाली होती.

मेव्हिसने विल्फला दारातच थांबवलं आणि आवाज खाली आणला. “गाडी चालू केली की हा उठायला बघतो. म्हणतो, ऐक कशी खडखडतेय, मी बघतो तिच्याकडे. पाय हलत नाहीत, तरी उठतो. नर्सबाई म्हणाली, आणखी एकदा पडला तर घरी ठेवायचा नाही. वॉर्डात न्यायचा. आणि तिथून कोण परत येतं, विल्फ?”

“गाडी लांब लावून बघ.”

“बघितली लावून. दोन गल्ल्या सोडून. दिवसभर एकच घोषा, विकलीस का, कुणाला विकलीस. गाडीशिवाय माझं भागत नाही रे. औषधं, धुणं, सगळं तिच्यावरच चालतं.”

विल्फने कोट खुंटीला अडकवला. गेला आठवडाभर त्याच्या कमरेत उसण भरली होती, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

गाडी हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची. हॉरेसने ती लग्नानंतर घेतली होती, त्यालाही आता एकवीस वर्षं झाली. ती समोरच्या खोलीच्या खिडकीखालीच उभी असायची, आणि हिवाळ्यापासून हॉरेसचा पलंगही त्याच खोलीत आला होता. इंजिन सुरू केलं की डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज भिंतीतून आत यायचा.

कारखान्यात विल्फचं कामच टॅपेट सेट करण्याचं होतं. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांत बारा नंबरची मापाची पातळ पट्टी जेमतेम सरकेल एवढी फट ठेवायची. आठ व्हॉल्व्ह, आणि हिशोब नऊचा. आठवा पूर्ण दाबलेला असला की पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असला की दुसरा. बेरीज नऊ आली की हात चुकत नाही. विल्फने गार इंजिनाचं झाकण काढलं आणि आठही व्हॉल्व्ह नऊच्या हिशोबाने लावले. मग किल्ली फिरवली. खडखड होती तशीच होती.

त्याने पुन्हा सगळं उघडलं. पट्टी प्रत्येक फटीत नेमकी सरकत होती. तिसऱ्या वेळी वाकलेली कंबर सरळ होईना, आणि आतून मेव्हिसचा आवाज आला, “हॉरेस, पडून राहा म्हणते ना.” मग मात्र विल्फने विचार करणं सोडलं. प्रत्येक स्क्रू त्याने थोडा थोडा आवळला, फट जवळजवळ मिटवून टाकली. इंजिन सुरू झालं ते मांजरीसारखं हलकेच घुरघुरत. मेव्हिस दारात येऊन हसली. कितीतरी दिवसांनी ती हसलेली त्याने पाहिली.

विल्फ हात पुसत आत गेला, तर हॉरेस कोपरांवर जोर देऊन अर्धा उठलेला. एक पाय पलंगाखाली लोंबत होता. विल्फने धावत जाऊन त्याला काखेत धरलं.

“कुणी आवळले?” हॉरेसने विचारलं.

“कुणी नाही. बसले आपोआप.”

“मला शिकवतोस? गप्प टॅपेट म्हणजे जळका व्हॉल्व्ह. फट नसली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पंधरा दिवसांत भर रस्त्यात बंद पडेल ती. सोड मला, मी सैल करतो.”

हॉरेस कारखान्यात तयार इंजिनं नुसती कानाने तपासायचा. त्याने नकाराची मान हलवली की इंजिन परत यायचं, आणि बहुधा विल्फकडेच यायचं. विल्फने त्याला उशीवर टेकवलं आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

“मीच आवळले,” तो म्हणाला. “नऊच्या हिशोबाने दोनदा लावले, तरी वाजतात. मला काही सुचेना.”

हॉरेस धापा टाकतच म्हणाला, “तू नव्या इंजिनांचा माणूस, लेका. सरकत्या पट्ट्यावरून कोरा माल यायचा, तू पट्टी घालायचास. जुन्याला हात कधी लावलास? जा, रॉकरच्या नाकावर बोट फिरव.”

विल्फ गेला. बोट फिरवलं आणि नखाला खळगा लागला. व्हॉल्व्हने वीस वर्षं घासून रॉकरच्या टोकात आपल्याच मापाची वाटी कोरली होती. पट्टी वाटीच्या काठांवर टेकत होती, आणि खरी फट खाली तशीच राहत होती. बावीस वर्षांत हजारो इंजिनं हाताखालून गेली असतील, पण हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी जाताना बसमध्ये त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली.

सुटे भाग यायला चार दिवस लागले. आठ नवे रॉकर आणि ते ज्यावर झुलतात तो नवा शाफ्ट, कारण जुन्यालाही खाचा पडल्या होत्या. बसवायला दोन दिवस गेले. पूर्वी हे काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं असतं. दर तासाला आतून प्रश्न यायचा.

“शाफ्टची तेलाची भोकं कुठल्या बाजूला?”

“खाली.”

“नक्की? वर केलीस तर कोरडे फिरतील.”

“खालीच आहेत, बाबा. येऊन बघ म्हटलं, तर तू खरंच येशील.”

मेव्हिस मध्ये मध्ये चहा आणि डब्यातल्या मांसाचं सँडविच देऊन जायची. विल्फच्या बोटांना पाना नीट धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने किल्ली फिरवली. टिकटिक होती, पण हलकी, सारखी, शिलाई मशीनसारखी. तो आत आला. हॉरेस डोळे मिटून ऐकत होता.

“सहावा किंचित सैल आहे.”

“नाही. बाराच आहे. दोनदा बघितला.”

अशा एका शब्दावरून दोघे पूर्वी आठवडाभर भांडत. विल्फ पुढच्या टोमण्याची वाट बघत राहिला.

“असेल,” हॉरेस म्हणाला. “माझाच कान गेला असेल.”

मेव्हिसने डोक्याला रुमाल बांधला. “मी औषधं घेऊन येते. बसशील ना?” तिने विल्फला विचारलं. खिडकीखालून गाडी निघाली, कोपऱ्यावर गिअर बदलला, आणि आवाज नाहीसा झाला. हॉरेसचे हात पांघरुणावर होते तसेच राहिले. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

सगळ्यांना हवं होतं ते हेच होतं. तरी हॉरेसने एकदा उठायला बघावं, असं विल्फला वाटून गेलं.

“सहावा उद्या बघतो,” तो म्हणाला.

“बघ,” हॉरेस म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

विल्फ खुर्चीतच बसून राहिला. मेव्हिस परत येईपर्यंत कुणी तरी तिथे असायला हवं होतं, आणि त्याच्यातही आता उठण्याचं त्राण नव्हतं.