फादरांच्या शेजारची जागा

"तिथं नको, फादर. ते सोडून कुठंही सांगा, दुपारपर्यंत खड्डा तयार करून देतो. पण तिथं नको."

"अहो, पण का नको? नकाशात जागा मोकळी आहे. आणि ही बघा, मोठ्या फादरांच्या हातची चिठ्ठी."

साडेतीननं नव्या फादरांच्या हातातून चिठ्ठी घेतली. वाचता त्याला बेताचंच येई, पण ओळ संपता संपता खाली घसरणारं ते अक्षर त्यानं झोपेतही ओळखलं असतं. शाळेच्या बाईंना माझ्या शेजारची जागा द्यावी, असं मोठे फादर जायच्या आधी वर्षभर लिहून गेले होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. बाई काल गेल्या. चार वाजता माती होती.

साडेतीन हे काही त्याचं नाव नव्हे. माणूस केवढाही मोठा असो, शेवटी साडेतीन हात, असं तो येताजाता ऐकवायचा आणि बोलता बोलता समोरच्याला नजरेनं मोजून घ्यायचा. त्यामुळे त्याच्याशी बोलताना भलेभले जरा वाकून उभे राहत. तेहतीस वर्षं तो या चर्चच्या आवारात खड्डे खणत होता, गवत कापत होता, घंटा ओढत होता. छप्पर गळायला लागलं की बादल्या मांडायचं कामही त्याचंच.

मोठे फादर त्याचे धनीही होते आणि सोबतीही. खड्डा कमरेइतका झाला की ते यायचे, काठावर पाय सोडून बसायचे आणि खालच्या साडेतीनशी गावभरच्या गप्पा मारायचे. माणूस लोण्यासारखा. फक्त एक खोड. 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हता. एकदा दोन घरांना एकाच दिवशी, एकाच वेळी लग्नाची वेळ देऊन बसले. दोन्ही वऱ्हाडं दारात येऊन भिडली, तेव्हा दोन्ही जोडप्यांना एकाच बाकावर बसवून एका दमात दोन लग्नं लावून टाकली. लोक चिडायच्या ऐवजी हसले. फादरांचं सगळं असंच गोड मानून घेतलं जायचं.

बावीस वर्षांपूर्वी साडेतीनच्या बायकोला मुलगी झाली, ती रडलीच नाही. बाप्तिस्मा न झालेलं मूल आवारात ठेवायचं नाही, हा तेव्हाचा नियम. त्याची जागा भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला. साडेतीन फावडं घेऊन तिकडंच निघाला होता. फादरांनी दंडाला धरून त्याला मागं फिरवलं आणि मागच्या भिंतीपाशी आणलं. तिथं पाद्र्यांसाठी दोन जागा राखलेल्या होत्या. त्यातल्या एकीकडं त्यांनी बोट दाखवलं. इथं खण, म्हणाले. दुसरी माझी, मी असेन तिच्या शेजारी. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वरून विचारणा आली असती. दगडही बसवला नाही. साडेतीनची बायको त्या एका बोलावर आजवर उभी होती.

हे सगळं त्यानं नव्या फादरांना तिथंच, कुदळीवर हात ठेवून सांगितलं. नवे फादर तरुण, कागदाला कागद जुळवणारे, पण मनानं वाईट नव्हेत. ते ऐकून पायरीवर बसले. तेवढ्यात बाईंचा मुलगा आला. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि मोठ्या फादरांच्या आठवणींचं एक पुस्तक त्याच्याच पुढाकारानं निघायचं होतं. घरोघरी फिरून त्यानं आठवणी जमवल्या होत्या. साडेतीनचीही एक घेतली होती.

त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून तो म्हणाला, "काका, मी वही घेऊन दोन तास तुमच्यासमोर बसलो होतो. तेव्हा का नाही बोललात?"

"ही काय छापायची गोष्ट आहे?"

"फादर नियमाबाहेर जाणारे नव्हते. आणि गेले असतील, तर तीच जागा माझ्या आईला कशी दिली? विसरले की काय?"

चिठ्ठी पाहिल्यापासून तोच काटा त्याला सलत होता. माणूस विसरला, की नेहमीसारखं कुणाचं मन मोडवेना म्हणून हो म्हणून बसला?

नव्या फादरांनी मधला मार्ग काढला. वरवर थोडं खणून बघा, काही लागलं तर थांबा. साडेतीन कुदळ भिंतीला टेकवून सरळ घरी गेला.

घर म्हणजे चर्चमागच्या दोन खोल्या. बायको शेंगा मोडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"तुम्ही खणणार?"

"नाही म्हटलं तर बाहेरगावचा कुणी आणतील."

"फादर विसरलेच असतील," ती म्हणाली. "शेवटी शेवटी मला तीनदा विचारलं, मुलं किती तुला? तिन्हीदा सांगितलं, एक. तिच्याच शेजारची जागा तुमची. तिन्हीदा हसले. मी तेव्हाच ओळखलं. तुम्हाला नाही सांगितलं."

"का?"

"तुम्ही त्यांच्यावरच जगत होता. विसरतं माणूस. म्हणून जागा थोडीच रिकामी होते."

ती शेंगांची टोपली उचलून निघाली, साडेतीन मागोमाग. मागच्या भिंतीपाशी गेली, फादरांच्या दगडाशेजारच्या मोकळ्या गवतात फतकल मारून बसली आणि पुन्हा शेंगा मोडू लागली. लोक जमायला लागले होते. बाईंचा मुलगा आला, मावशी उठा म्हणाला. एकदा समजुतीनं, एकदा चढ्या आवाजात.

"तुझ्या आईनं मला सही करायला शिकवलं," ती म्हणाली. "तिच्याशी माझं वाकडं नाही. पण खाली माझी पोर आहे. मी उठणार नाही."

मुलानं नव्या फादरांकडं पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते. दोन वाजत आले होते, आणि खणणारा गावात एकच.

"कुठं खणायचं तिथं खणा," तो साडेतीनला म्हणाला. "पण त्या देवमाणसाच्या नावावर असलं काही घालू नका. पुस्तकातनं तुमची आठवण मी काढून टाकतोय."

"काढ," साडेतीन म्हणाला.

बघायला जमलेले लोक बाजूला झाल्यावर नव्या फादरांनी वही आणली, पान काढलं, पेन उघडलं आणि मुलीचं नाव विचारलं. नाव ठेवायला वेळ कुठं मिळाला, असं साडेतीनची बायको म्हणाली. पेन थोडा वेळ पानावर तसंच धरून त्यांनी टोपण लावलं. नंतर बघू, म्हणाले. टोपलीतल्या शेंगा संपल्या होत्या, तरी ती तिथंच बसून राहिली.

साडेतीननं भिंतीला टेकवलेली कुदळ घेतली आणि बाईंसाठी तिसऱ्या ओळीच्या टोकाला गेला. तिथली माती वरून कडक झाली होती. त्यानं नळावरून दोन बादल्या आणून ओतल्या. पाणी मुरेपर्यंत कुदळीचा सैल झालेला दांडा ठोकून घट्ट केला आणि खणायला लागला.